हूं न काढणारं घर

आमच्या घरातली बाई बाळंतपणात ओरडत नाही, हे मला कळायला लागल्यापासून मी ऐकत आले. सांगायची ती अक्का. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि पुढे आमचं घर तिनंच चालवलं, कारण माझी आई मी आठ वर्षांची असताना गेली. बाळंतपणातच गेली, पोटातलं मूलही गेलं. पण अक्काच्या तोंडी ही सगळी हकिगत एका वाक्यात संपायची.

"पन जीव गेला तरी तोंडातून हूं काढलं नही तिनं!"

ऐकणाऱ्या बायका माना डोलवायच्या. मीही डोलवायची. आईबद्दल सांगण्यासारखं आमच्या घरात तेवढंच उरलं होतं, मग ते अभिमानानं सांभाळायला नको? आबा, म्हणजे माझे वडील, याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. अक्का सुरू झाली की ते खुंटीवरची टोपी घेत आणि केळीच्या बागेकडे निघून जात.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा मला दिवस राहिले. मी भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होते, नवरा लोको शेडमध्ये फिटर होता. तो म्हणाला, "इथे रेल्वेचा दवाखाना आहे, नर्सबाई आहे. खेड्यात कशाला जातेस?" मी म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, तुमच्याकडे काही रीतभात आहे की नाही? तो बिचारा कबूल झाला. माझ्या नाकावरचा राग त्याला लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळला होता.

रीत वगैरे सगळं सांगायला होतं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. आई मेली तशी मीही मरणार, असं माझ्या मनानं घेतलं होतं. माझा बांधा आईचा, हात आईचे, चालणंही आईचं, असं गाव म्हणायचं. मग बाकीचं तरी वेगळं कसं होईल? आणि मरायचंच असेल तर अक्कानं माझ्याबद्दलही तेच वाक्य सांगावं, हा हट्ट. आज त्या मुलीचे कान उपटावेसे वाटतात.

सातव्या महिन्यात पॅसेंजरनं सावद्याला उतरले. आबा दमणी घेऊन आले होते. वाटभर त्यांनी बैलांशी जेवढं बोलणं केलं तेवढंही माझ्याशी केलं नाही. फक्त खड्डा आला की दमणी इतकी हळू घेत, की मागचे गाडीवान ओरडत.

घरी पोचल्यापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. पुढच्या दारातून मागच्या दारात, मागच्या दारातून पुढच्या. बसले की उठावंसं वाटे, उठले की पाठ दुखे. जेवताना मध्येच हात धुऊन मी उठे. अक्का म्हणे, "एका जागी टेक वं माय, जमीन काय पयून चालली?" पण टेकल्यावर ती मागची खोली दिसायची. दार लोटलेलं असे. आत जुनं जातं, धान्याच्या कोठ्या आणि एक खाट. आई त्या खाटेवर गेली. मी दिवसातून दहादा त्या दारापर्यंत जाई आणि उंबऱ्यावरून परत फिरे.

आणि मी तयारी करत होते. माझी मीच ठरवलेली. रोज सकाळी ओसरीवरच्या जात्यावर बसायचं, दाण्यांची मूठ टाकायची आणि ती दळून होईपर्यंत श्वास कोंडून धरायचा. दातांखाली पदर. आधी एक मूठ, मग दीड, मग दोन. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे तरी सोडायची नाही. एकदा तव्यावर बोटं भाजली. हूं केलं नाही. अक्कानं पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी मायवर गेली," म्हणाली. मला इतका आनंद झाला की बोटांचं दुखणंच विसरले.

आठवा संपत आला तेव्हा सुईण आली. गावात सुईण एकच, आईच्या वेळीही तीच होती. त्यामुळे ती मला डोळ्यांसमोर नको होती. हिच्याच हातून आई गेली, असं मी लहानपणापासून धरून बसले होते. बाई काळीसावळी, ठेंगणी, हात मात्र पुरुषासारखे रुंद. तिनं माझ्या पोटावर तिळाचं तेल लावलं, डोळे मिटून बराच वेळ चाचपलं आणि म्हणाली, "डोकं खाली हाये. बेस हाये." मग अक्काला सांगितलं, हिला नुसती बसू देऊ नका, अंगण सारवू द्या, उकिडवं बसू द्या, दळू द्या, पण जड उचलू देऊ नका. नववा लागला की रात्रीच्या दुधात तूप घाला. अक्काला हे सगळं पाठच होतं, तरी तिनं नव्यानं ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.

दोन दिवसांनी सुईण सकाळीच आली. अक्का नदीवर धुणं घेऊन गेली होती. मी जात्यावर होते, दातांखाली पदर. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. मी दुसरी मूठ टाकली. तिनं जात्याचा खुंटा धरून जातं थांबवलं.

"दम काहून कोंडते वं?"

मी म्हटलं, सवय करतेय.

"कशाची?"

"न ओरडण्याची. आईसारखी."

तिनं माझ्या तोंडातला पदर ओढून काढला. हळू नाही, हिसकाच मारला. माझं डोकं सणकलं. मी तिला नाही नाही ते बोलले. तूच माझ्या आईला मारलंस, हेही बोलले. वाटलं, आता ही उठून जाईल आणि गावभर करेल. ती उठली नाही.

"मी आली तव्हा दिवस बुडायले आला व्हता," ती म्हणाली. "पोटातलं आडवं झालं व्हतं, पानी कव्हाच गेलं व्हतं. कया सकायपासून व्हत्या तिले. कोनाले सांगितलं नही."

आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. कया म्हणजे कळा. सकाळपासून कळा, आणि कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी आमच्या बागेतली केळी कापायची होती, गाड्या भरून सावद्याला वॅगनपर्यंत पोचवायच्या होत्या. घरचे सगळे बागेत. अक्का तिकडे माणसांना भाकरी घेऊन गेली होती. घरात आई आणि मी.

"सकायी बोलावलं असतं तं?" मी विचारलं.

"वाचलीच असती असं मी म्हननार नही. खोटं काहाले बोलू? पन पोट चोयून फिरवून पाह्यलं असतं. नही फिरलं तं दमनीत घालून डाक्टरकडे नेलं असतं. मले टाइम तं भेटला असता. तिच्या गप बसन्यानं तोच खाल्ला. आन तुमी सगये त्याचंच कवतिक सांगता."

मग मी तिला ते सांगितलं, जे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी मागच्या खोलीत डोकावले होते. आई भिंतीला टेकून उभी होती, तोंडात पदराचा बोळा, खांदे हलत होते. मला वाटलं, ती हसू दाबतेय. मीही हसले. तिनं हातानं मला 'जा, खेळ' अशी खूण केली, आणि मी गेले. खेळायला गेले. दिवसभर लगोऱ्या खेळले.

हे सांगून झाल्यावर मी रडले. हमसून हमसून, नाक पुसायचंही भान न ठेवता रडले. अकरा-बारा वर्षांचं रडणं होतं ते. सुईणीनं माझी समजूत घातली नाही. पोटावर हात ठेवून बसली आणि रडणं ओसरल्यावर म्हणाली, "पाह्य, आता पोट कसं ढिल्लं पडलं. कोंडलं तं दगड व्हतं. हेच शिकायचं हाये तुले."

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला शिकवलं. जातं ओढताना तोंड उघडं ठेवायचं, श्वास बाहेर सोडायचा, आणि सोडताना घशातून खालच्या पट्टीत आवाज काढायचा, हूंऽऽऽ असा, लांबलचक. खुंटा जवळ आला की श्वास आत. जबडा सैल, मुठी सैल. कळ आली की आधी तोंड उघडायचं आणि पहिलीच कळ आल्याबरोबर सांगायचं, मोठ्यानं. सुरुवातीला माझ्या तोंडून आवाजच निघेना. लाज वाटे. मग एकदा निघाला, तो असा, की गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली.

अक्का भडकली. "घरात एक म्हैस हाये ते पुरे नही का? गाव काय म्हनंन?" मी म्हटलं, गावाला म्हणावं बाळंत व्हायला ये माझ्या जागी. अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, भाकरी मात्र तव्यावरून थेट ताटात वाढत राहिली. शेजारच्या बायका कुंपणावरून विचारू लागल्या, "काय वं, आज हंबरली नही?" मी हंबरून दाखवायची. एकदा हट्ट धरला की मी सोडत नाही, मग तो गप्प बसण्याचा असो की ओरडण्याचा.

एकाच गोष्टीनं जीव टांगणीला लागला होता. माझा आवाज सुरू झाला की आबा टोपी घेऊन निघून जात. आधी अक्काच्या बढाईवर जात, आता माझ्या हंबरण्यावर. जाताना चेहरा असा, की बघवत नसे. त्यांना माझी लाज वाटते, याबद्दल मला शंका उरली नाही. बायकोनं मान राखला आणि पोरगी अशी निघाली! मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत असे, तावातावानं, येरझाऱ्या घालत. समोर मात्र एक शब्द काढला नाही. तेवढा गप्पपणा माझ्यातही मुरलेला होताच.

पहिली कळ आली ती सकाळी, अंगण सारवताना. कळ आहे की नुसती चमक, कळेना. उघडंच होतं तोंड, पण क्षणभर अगदी सवयीनं पदराकडे हात गेला. तो हात मी शेणातच दाबून धरला आणि ओरडले, "आली! अक्का, कळ आली!" तीन घरांपलीकडची माणसं बाहेर आली.

सुईण लगेच आली. मागच्या खोलीचं दार मी स्वतः ढकललं. तिनं खाट भिंतीला उभी करून ठेवली आणि मला जात्याजवळ उकिडवं बसवलं, खुंटा धरायला दिला. अक्का माझ्या पाठीला पाठ लावून बसली. मी हंबरले. दुपार चढत गेली तशी हंबरण्याची आरोळी झाली. भीती गेली होती असं नाही. प्रत्येक कळेला वाटे, हीच ती, हिच्यात मी जाणार. पण ती भीती आता आवाजाबरोबर बाहेर पडत होती, आत साठत नव्हती.

दोन कळांच्या मध्ये मी गप्प होई, मान खाली घालून श्वास घेई. अशा वेळी दारावर टकटक होई. अक्का उठे, दार बोटभर उघडे, बाहेर आबांचा दबका आवाज येई, अक्का काहीतरी पुटपुटे आणि परत येऊन बसे. असं चार-पाच वेळा झालं. मला कळलं, आबा आवाज कमी करायला सांगतायत. या अवस्थेत! माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि पुढच्या कळेला मी मुद्दाम, त्यांना ऐकू जावं म्हणून, दुप्पट ओरडले. सुईण म्हणाली, "शाबास!" 

ऊन कलायच्या आत मुलगी झाली. रडली तीही माझ्यासारखीच, कान किटतील अशी. मी भिंतीला टेकून बसले होते, घामानं निथळत, आणि जिवंत होते. त्याच भिंतीला.

दारावर पुन्हा टकटक झाली. मी अक्काला म्हटलं, "आता तरी सांग त्यांना, झालं म्हणावं माझं ओरडून. घराण्याची अब्रू गेली ती गेली."

"अब्रू? कशाची अब्रू वं?" अक्का म्हणाली. "सकायपासून दमनी जुंपून बसला हाये तो दाराशी. बैल सोडून द्यायले तयार नही. तुझा आवाज चालू व्हता तव्हर जागचा हालत नसे. तू गप झाली का उठून येई. 'आवाज काहून थांबला, अक्का? आवाज काहून थांबला?' दर खेपेले हेच."

सुईण नाळ बांधत होती.

"आता?" मी विचारलं. "आता काय म्हणतायत? पोरीचं रडणं ऐकू नाही आलं?"

"आलं ना." अक्कानं पदरानं डोळे पुसले. "म्हने, नातीचा आवाज आला, माझ्या पोरीचा येऊ दे. मंग सोडतो."

मी तोंड उघडलं आणि होता नव्हता तेवढा सगळा जीव लावून ओरडले, "आबाऽऽ, बैल सोडाऽऽ!"