भिकाजीची पारध

भिकाजी परब आखातात, मुसफ्फातल्या एका लोखंडी कामाच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. गडी मनानं मोठा, पोटानं त्याहून मोठा. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात बायकोचं, गिरिजाचं, पत्र आलं आणि त्याचा घास हातातच राहिला.

शिमग्याच्या पारधीत भाला धरायचा मान परबांच्या घराचा. हल्ली शिकार कुणी मारत नसे, पण भालेकऱ्यानं डोंगराच्या पायथ्यापासून वर देवराईपर्यंत न थांबता धावायचं आणि गावानं हाकारे घालत मागून यायचं, हा रिवाज कायम होता. यंदा भिकाजीच्या वडिलांनी अर्ध्या वाटेत बसकण मारली. 'गावचे मानकरी गावकर, त्यांनी एक वर्ष दिलंय. पुढच्या शिमग्याला तुम्ही धावा, नाहीतर भाला बाबाजीच्या घरी जाईल. मामंजी धड जेवत नाहीत,' गिरिजानं लिहिलं होतं.

बाबाजीच्या घरी? ज्याला साधी काठी धड धरता येत नाही त्याच्या? भिकाजीचं डोकंच सणकलं. तो तडक लोखंड तोलायच्या काट्यावर जाऊन उभा राहिला. खोलीतला सोबती गुणवंत वाकून बघत म्हणाला, "शहाण्णव किलो! एवढ्या लोखंडात दोन गेट होतात, भिकाजीराव."

भात बंद झाला. रात्रीची बिर्याणी खलास. उन्हं उतरली की भिकाजी बनियनवर धावायला निघे. पण मुसफ्फात पायी धावणारा माणूस कुणी पाहिलाय का? पहिल्याच दिवशी कंपनीची बस करकचून थांबली. "बस छूट गया क्या? बैठो, बैठो!" म्हणत पठाण ड्रायव्हरनं त्याला दंडाला धरून आत घेतलं आणि कामगारांच्या कॅम्पवर आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी पोलिसानं अडवलं. "कौन पीछे है?" भिकाजी धापा टाकत म्हणाला, "कोई नहीं, साहेब. पेट आगे है." पोलीस इतका हसला की त्याला टोपी सावरावी लागली.

डिसेंबरपर्यंत दहा किलो उतरले. तेवढ्यात रमजान लागला आणि भिकाजीला शक्कल सुचली: सगळ्यांबरोबर रोजे धरावे, फुकटात बारीक व्हावं. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, पठ्ठ्यानं खरंच पाळलं! पण संध्याकाळी मशिदीच्या मंडपात गव्हाचं तुपाळ हरीस, खजूर, मटणाचं ताट पुढे आलं की नाही कसं म्हणायचं? अन्नाचा अपमान होतो ना! ईदला काट्यानं नव्वद दाखवले. गुणवंत हसून हसून लोळला. भिकाजीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, म्हातारा बाप ताट सरकवून बसलेला त्याला दिसत होता. त्या दिवसापासून दोन खबूस रोट्या आणि डाळ, बाकी सगळं हराम. फेब्रुवारीअखेर एकोणऐंशी! यल्ला, चलो गाव.

गावात पाऊल टाकलं आणि गिरिजानं हंबरडाच फोडला. "अहो, काय झालंय तुम्हाला? खरं सांगा!"

गल्फमधून माणूस यावा तो सुटलेल्या पोटानं. गालफडं बसलेला आला म्हणजे एक तर नोकरी गेली, नाहीतर मोठं दुखणं. भिकाजी घसा फोडून सांगत होता, "अगं, मुद्दाम उतरवलंय!" मुद्दाम कोण उतरवतं? शेजारणी पेज घेऊन आल्या. शिमग्याच्या सकाळी गावकर मायेनं म्हणाले, "आजारी माणसाक डोंगर चढवक नको. यंदा भालो बाबाजी धरात."

वडिलांनी मान खाली घातली. ते बघून भिकाजीच्या अंगाची लाही लाही झाली. बाबाजीच्या हातातला भाला त्यानं हिसकावला आणि डोंगराकडे सुसाट सुटला.

"ताप डोक्यात गेलो! धरा त्याका!" गावकर ओरडले, आणि अख्खा गाव त्याच्यामागे लागला. ढोलवाले, पोरंटोरं, पेजेचं भांडं घेऊन गिरिजा. पारधीला इतके हाकारे कधी पडले नव्हते. बाबाजी पहिल्या चढणीलाच आडवा झाला. भिकाजी थांबतोय कुठला! देवराईत भाला रोवून तो मागं वळला तेव्हा मागं कुणीच नव्हतं.

बऱ्याच वेळानं गावकर गुडघे धरत वर पोचले. धाप आवरेना, म्हणून त्यांनी भिकाजीच्याच खांद्याचा आधार घेतला.

"भालो तुझ्याच घरात ऱ्हवतलो," ते कसेबसे म्हणाले. "पण पुढच्या वर्षी जरा जाडो होवन ये रे, बाबा. आमका मागसून येवचा लागता."