बाबांना कोणी भरवलं

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, मुलुंडच्या घरात वडिलांना पेज भरवत असताना माझी स्मृती गेली. संध्याकाळी ती परत आली. मधल्या वेळातलं मला आजही काही आठवत नाही. इथे जे लिहिलं आहे ते बायको, समोरच्या फ्लॅटमधल्या बाई आणि माझी मोठी बहीण यांनी सांगितलेलं. तिघींना मी वेगवेगळं गाठून विचारलं आणि जिथे किमान दोघींचं जुळलं, तिथे ते धरलं. वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढल्यावर मला दुसरी पद्धत येत नाही.

आधीची परिस्थिती सांगायला हवी. त्याच्या दोन वर्षं आधी वडिलांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि गिळणं अर्धवट राहिलं. अशा माणसाला घाईत पाजलेलं पाणीसुद्धा श्वासनलिकेत जातं. म्हणून पेज घट्ट करायची, हनुवटी छातीकडे झुकवायची, चमचा लहान घ्यायचा, तो चांगल्या बाजूने द्यायचा आणि घास उतरेपर्यंत थांबायचं. घास उतरला हे कळावं म्हणून मी बोटाची मागची बाजू त्यांच्या गळ्यावर टेकवून ठेवत असे. गळा वर जाऊन खाली आला की पुढचा चमचा. ही युक्ती माझी, असं मी धरून चाललो होतो.

सुरुवातीला एक मदतनीस ठेवला होता. त्याच्या हातून एकदा ठसका लागला, छातीत संसर्ग झाला आणि बाबांना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. ते घरी आले त्या दिवसापासून मी चमचा कोणाच्या हाती दिला नाही. मरोळच्या ऑफिसात रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे तिन्ही वेळची जेवणं मला सांभाळता येत होती. झोप मिळेल तेवढी. बायको भरवायला बसली की मी शेजारी उभा राहून चुका काढायचो. काही दिवसांनी तिने बसणं सोडलं. ताई घाटकोपरला राहते. बाबांना माझ्याकडे पाठव, हे ती दर भेटीत म्हणायची. त्यांना माझ्या हाताची सवय आहे, हे माझं ठरलेलं उत्तर होतं.

त्या सकाळी बायको स्वयंपाकघरात होती. बाबा बोलत का नाहीत, असं मी विचारलेलं तिला ऐकू आलं. तिला ती थट्टा वाटली आणि थट्टा आवडली नाही, म्हणून तिने उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने तेच वाक्य, त्याच सुरात. ती हात पुसत बाहेर आली. मी पलंगाशी स्टूल घेऊन बसलो होतो. डाव्या हाताचं बोट बाबांच्या गळ्यावर होतं, उजव्या हातात चमचा होता. तिने सांगितलं, दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला नाही का. माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, "मग मला कोणी सांगितलं कसं नाही?" मग बाबांचा गळा हलला आणि मी पुढचा चमचा दिला.

काही मिनिटांनी मी पुन्हा विचारलं, बाबा बोलत का नाहीत. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा डोळे भरले, पुन्हा तेच वाक्य. त्यानंतर ती मला नुसतं "बरं नाहीये रे त्यांना" एवढंच सांगत राहिली. तेवढ्याने माझं भागत होतं.

समोरच्या बाई नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. बायकोने त्यांना बोलावलं. त्यांनी मला दोन्ही हात वर करायला लावले, हसून दाखवायला सांगितलं, नाव विचारलं, बायकोचं नाव विचारलं. सगळं बरोबर आलं. मग वार विचारला. मी म्हणालो, "वार कुठला ते माहीत नाही, पण पगाराचा नाही." बाई हसल्या. रिक्षात त्यांनी पुन्हा वार विचारला तेव्हा पुन्हा तेच उत्तर आलं, मध्ये तेवढंच थांबून. हॉस्पिटलच्या दारात तिसऱ्यांदा. "तिसऱ्या वेळी मला तुमची भीतीच वाटली हो," असं त्यांनी नंतर सांगितलं. "हुबेहूब तेच. जसं कोणी बटण दाबलंय."

तो विनोद बाबांचा आहे. गिरणीत होते तेव्हापासूनचा. ऑफिसात मी तो माझा म्हणून वापरतो.

घरातून निघायला मात्र उशीर झाला होता, कारण पेज संपेपर्यंत मी उठायला तयार नव्हतो. याबद्दल दोघींचं एकमत आहे. वाटी संपवली, बाबांचा उजवा गाल आतून बोटाने तपासला, तोंड पुसलं, पाठीमागे उशी नीट लावली. खाल्ल्यावर त्यांना लगेच आडवं करायचं नसतं, म्हणून बसतंच ठेवलं. बाबांना झटका आला आहे हे ज्याला माहीत नव्हतं, त्याने हे सगळं केलं. ठसका लागला नाही.

बायकोने फोन करून बोलावलेली ताई बाबांजवळ बसली आणि आम्ही तिघं निघालो. हॉस्पिटलमध्ये मेंदूचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, झटका नाही. काही तास मेंदूत नवी नोंदच होत नाही, मागचंही काही आठवेनासं होतं, असा हा प्रकार आहे, बहुतेकांना एकदाच होतो, कारण बऱ्याचदा सापडत नाही. शेवटची पुरेशी झोप कधी घेतली, असं त्यांनी विचारलं. मला आठवलं नाही, पण त्या न आठवण्याचा या आजाराशी संबंध नव्हता.

मला स्वतःला आठवतं ते त्यानंतरचं. खिडकीत संध्याकाळ, हाताला सलाइन, बायको मोसंबं सोलत होती. मी विचारलं, बाबांना कोणी भरवलं?

"सकाळी तूच."

"आणि नंतर?"

"ताई आल्यायत. दुपारचं त्यांनीच दिलं."

"ठसका?"

"नाही लागला. खा हे."

तिला काय माहीत कसं द्यायचं, असं मी म्हणालो. त्यावर बायकोने मोसंब्याची फोड माझ्या हातात ठेवली आणि, त्यांनाच विचार, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा ताई भरवत होती. तिच्या बोटाची मागची बाजू बाबांच्या गळ्यावर होती. हे तुला कोणी दाखवलं, असं मी विचारलं. तिने मान वळवली नाही. घास उतरू दिला, मग बोलली.

"कोणी दाखवलं म्हणजे? आई आजीला असंच भरवायची. कांदिवलीच्या खोलीत. तू तिथेच बसलेला असायचास, वाटी धरून."

कांदिवलीची खोली मला आठवते. आजी अंथरुणावर होती हेही आठवतं. वाटी धरलेली आठवत नाही. हे विसरायला कुठला आजार झाला नव्हता.

आता ती बाबांना नेणारच म्हणाली. मी माझं ठरलेलं उत्तर दिलं.

"अरे, काल तू होतास कुठे?" ताई म्हणाली. "हात होता नुसता. आणि जेवले की ते."

बाबा आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि ताईने चमचा दिला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी तिघींना विचारून त्या दिवसाचा वृत्तान्त जुळवला. बातमीत 'मी' हा शब्द कधी येत नसतो, त्यामुळे सवयीने हा मजकूरही मनात तसाच उमटला. एका पत्रकाराने वडिलांना पेज भरवली, प्रश्न विचारले, विनोद केला, लिफ्टमध्ये शेजारणीला आधी जाऊ दिलं, रिक्षावाल्याला जवळचा रस्ता सांगितला. त्यात फट कुठे आहे हे मी शोधत होतो. ती सापडेना. त्या माणसाने केलेलं काहीच असं नव्हतं, जे मी केलं नसतं. 'हे मी केलं' असं पुढे सांगणारा कोणीतरी तेवढा त्या वेळात गैरहजर होता, आणि त्याच्यावाचून कशाचंच अडलं नव्हतं. हात आईकडून आलेला, विनोद बाबांचा, पेज बायकोने शिजवलेली. या सगळ्यात दोन वर्षं मी जो 'मी' रात्रंदिवस राखत बसलो होतो, तो नेमका कुठे असायचा ते मला दाखवता येईना. अशा वेळी माणसाला भीती वाटत असावी. मला वाटली नाही. थकवा होता. तो बराच जुना होता आणि तो माझाच की आईच्या काळापासून या घरात चालत आलेला, याची खात्री करून घ्यायला कोणी साक्षीदार उरलेला नाही.

मी ताईला फोन करून हो म्हणालो. तिने, का, असं विचारलं नाही. पलंग कुठल्या भिंतीला लावू, एवढंच विचारलं.

मार्चमध्ये बाबा घाटकोपरला गेले. पहिले काही दिवस मी दुपारी तिकडे जाऊन बसायचो. ताई म्हणायची, आलायस तर कोथिंबीर निवड. मी निवडायचो. एकदा तिने चमचा पुढे केला, मी भरवलं. बाबा ताईकडून खातात तसंच त्यांनी माझ्याकडूनही खाल्लं. हाताच्या सवयीचा पुरावा मला त्यांच्या चेहऱ्यावर शोधायचा होता. मी बराच वेळ पाहिलं. ते पुढच्या घासाची वाट पाहत होते. मग मी दुपारी घरीच झोपू लागलो. आता रविवारी जातो.

डॉक्टरांना पुन्हा दाखवून झालं आहे. तसा प्रकार परत घडलेला नाही.

आज सकाळी ताई लग्नासाठी नाहूरला गेली होती. बाबांना नाचणीची पेज भावोजींनी भरवली. वाटी संपली. ठसका लागला नाही.