सुरिनाममधले आमचे पंडितजी

हॉलंडमधल्या आमच्या आइंडहोवनच्या मंडळींत कुणी 'सुरिनाम' हा शब्द काढला, की त्या दिवशी जेवायला उशीर ठरलेला. एक किस्सा सांगून कुणी थांबेल तर शपथ! आणि मी सगळ्यांत वाईट.

२००५च्या आसपासची गोष्ट. माझ्या नवऱ्याच्या, शिरीषच्या, ऑफिसात राजेश नावाचा सहकारी होता. जन्म सुरिनामचा, म्हणजे पार दक्षिण अमेरिकेतला. पूर्वज मात्र बिहारकडून उसाच्या मळ्यात राबायला जहाजाने गेलेले. घरी अजून हिंदीसारखंच काहीतरी गोड बोलतात. "हॉटेलबिटेल काही नाही, माझी माणसं आहेत ना तिकडे!" म्हणत त्याने आम्हाला सुट्टीत धाडलंच. आम्हाला म्हणजे शिरीष, मी आणि शिरीषचा मित्र मंदार जोशी. मंदार सांगलीचा, कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहितो आणि तोंड मिटत नाही.

*

हॉलंडमध्ये कुणाकडे चहाला जायचं तर कित्येक आठवडे आधी डायरीत वेळ ठरवावी लागते. सुरिनामच्या राजधानीत, पारामारिबोच्या विमानतळावर मात्र राजेशचे मामा, मावशी आणि आत्या, तिघंही कुटुंबासकट हजर!

"पाहुणे आमचे!"

"वा रे वा, आमचे!"

शेवटी वाटणी झाली. मी आणि शिरीष मामांकडे, मंदार मावशीकडे आणि बॅगा आत्याकडे!

बॅगा मिळेपर्यंत शिरीष मामांच्या बर्म्युडात. मामांचा घेर म्हणजे पिंपच. बिचारा एका हाताने जेवायचा आणि दुसऱ्या हाताने चड्डी धरायचा. मामी कळवळून म्हणाल्या, "किती हळू जेवतो हा! भरवू का?"

*

आम्ही मोठ्या कौतुकाने हॉलंडच्या चीजचं अख्खं चाक नेलं होतं. मामींनी ते ठेवायला फ्रीज उघडला, तर आत चीजची चळत! हॉलंडहून येणारा प्रत्येक नातेवाईक तेच आणतो म्हणे.

निघताना मामींनी डोळे पुसत आमच्या बॅगेत काहीतरी कोंबलं. मलाही भरून आलं. घरी येऊन उघडलं, तर चीजची दोन चाकं!

*

मावशीने रोटीबरोबर एक छोटीशी पिवळी मिरची ठेवली. "जपून हं, नुसती रश्शात बुडवून काढायची."

"मावशी, आम्ही सांगलीचे! ठेच्यावर वाढलोय!" म्हणत मंदारने अख्खी चावली.

त्यानंतर तो संध्याकाळभर एक अक्षर बोलला नाही. शिरीष म्हणाला, "मावशी, किलोभर बांधून द्या. याच्या मीटिंगला लागतील."

*

आत्याच्या शेजारचे आजोबा खास आम्हाला भेटायला आले. "भारतातून आलात? मग आमच्या रामदीनच्या घरच्यांना ओळखत असाल!"

भारतात रामदीन किती असतील, देव जाणे. पण शिरीष पक्का पुणेकर, माहीत नाही म्हणणार कसा? गंभीरपणे म्हणाला, "आडनाव काय म्हणालात?"

*

पण कहर केला तो मंदारच्या जानव्याने. मामा आम्हाला ओढ्यावर पोहायला घेऊन गेले. मंदारने शर्ट काढला आणि मामा पाण्यातच हात जोडून उभे! तिकडे जानवं घालतात ते बहुतेक पंडितच.

"अहो, मी इंजिनिअर आहे!"

"खरा विद्वान असाच नाही म्हणतो!" मामा म्हणाले.

संध्याकाळी त्याला नानीसमोर बसवलं. नानी म्हणजे मामांची आई, ऐंशीच्या पुढची. मंदारचा हात धरून म्हणाली, "मला माझ्या आजाने वाढवलं. तो जहाजातून आला, त्याला परत काही जाता आलं नाही. त्याच्या नावाने भारतातल्या पंडिताने दोन मंत्र म्हणावेत, एवढीच इच्छा राहिलीय माझी."

मंदारने मला कोपऱ्यात ओढलं. "वहिनी, मला एक मंत्र येत नाही हो! मुंजीत नुसता भटजींच्या मागे पुटपुटलो होतो."

"मग खरं सांग की तिला!"

"सांगितलं! ऐकतंय कोण? आणि आता तिच्या तोंडाकडे बघून पुन्हा सांगवत नाही."

दुसऱ्या दिवशी अंगण माणसांनी फुललं. होम पेटला. मामांच्या धोतरावर पट्टा आवळून मंदार बसला आणि डोळे मिटले. घाम नुसता निथळत होता. नानी हात जोडून वाट बघत होती.

आणि धीरगंभीर आवाज आला, "बे एके बे... बे दुणे चार..."

शिरीषने तोंडात रुमाल कोंबला. मी त्याला कचकचून चिमटा काढला. मंदारला मात्र जोर चढला होता. "बे दाहे वीस, स्वाहा!" आणि तूप. तिनाचा झाला, चाराचा झाला, लोक माना डोलावतायत, गडी थेट एकोणिसावर पोचला!

"एकोणीस पाचे पंच्याण्णव... एकोणीस सक... सक..."

झालं! गाडी अडली.

तेवढ्यात नानी, डोळे मिटलेलेच, गालांवरून पाणी वाहतंय, त्याच चालीत म्हणाली, "उन्नीस छक्के एक सौ चौदह..." मागच्या दोन-चार म्हाताऱ्यांनीही सूर धरला. एकोणिसाचा पाढा सगळ्यांनी मिळून संपवला. मंदार अगदी हळू म्हणाला, "स्वाहा."

नानीने त्याला जवळ बोलावलं. "आजा रोज संध्याकाळी मला समोर बसवून हेच म्हणायला लावायचा. उन्नीसला मीसुद्धा इथेच अडायचे. मग तो अशी एक ठेवून द्यायचा!"

आणि सगळ्यांदेखत तिने मंदारच्या गालावर एक ठेवून दिली.

मंदार गाल चोळत म्हणाला, "विसाचा येतो मला, नानी."