थांबवायचं बटण

आमच्या साडूंनी आयुष्यात हाती घेतलेली एकही गोष्ट अर्ध्यावर सोडलेली नाही, आणि त्यातली एकही कुठवर आली आहे याचा पत्ता कुणाला लागू दिलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे यजमान. राहतात नांदेडातच, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नाटक कितीही रटाळ असो, पडदा पडेपर्यंत ते उठत नाहीत. वांग्याची भाजी त्यांना आवडत नाही, पण पानात पडली की संपवतात, आणि संपवली म्हणून अक्का पुन्हा वाढतात. एकदा मुखेडला लग्नाला निघाले आणि गप्पांच्या नादात बिलोलीच्या एसटीत बसले. तिकीट काढताना चूक ध्यानात आली. पुढच्या थांब्यावर उतरता आलं असतं. साडू थेट बिलोलीपर्यंत गेले, स्टँडवर चहा प्यायले आणि संध्याकाळी आहेराच्या पाकिटासकट परत आले. "बसलो होतो ना," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मुखेडहून जो तो त्यांना फोन करत होता आणि प्रत्येकाला एकच उत्तर मिळत होतं, "येऊन राहिलो." हे उत्तर ते अंघोळीला जाण्यापूर्वीही देतात आणि दाराची बेल वाजवतानाही.

अशा माणसाने सॉफ्टवेअर लिहिलं तर ते कसं असेल? तसंच आहे. पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांचं छोटं ऑफिस आहे आणि तिथे त्यांनी शाळांसाठी एक प्रोग्राम बनवला आहे. शाळेने मुलांची यादी त्यात घातली की तो प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, दाखले जुळतात का ते तपासतो आणि चुका काढून देतो. काम चोख. पण यादी मोठी असली की तासन् तास लागतात, आणि तेवढा वेळ पडद्यावर एकच ओळ असायची : 'तपासणी चालू आहे. कृपया थांबा.' किती झालं, किती राहिलं, काही कळायचं नाही. मध्येच थांबवायची सोयही नव्हती. कुणी मागितलीच तर साडू म्हणत, "एकदा लावलं ना, मग होऊ द्या की."

या प्रोग्रामच्या उद्घाटनाला मी हजर होतो. शाल, श्रीफळ, हार आणि एक प्रमुख पाहुणे, ज्यांचा संगणकाशी संबंध बटण दाबण्यापुरताच होता. त्यांनी ते दाबलं. ओळ उमटली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या आणि निकालाची वाट पाहायला घेतली. पाहुण्यांनी तंत्रज्ञानाच्या युगावर भाषण केलं, ते संपलं, मग तेच भाषण थोड्या वेगळ्या क्रमाने पुन्हा केलं. मागे 'कृपया थांबा' लिहिलेलं असताना व्यासपीठावरून उतरायचं कसं, हा शिष्टाचाराचा पेच कुणालाच सुटेना. शेवटी वीज गेली, तेव्हा कार्यक्रमातल्या सर्वांत मनापासून टाळ्या पडल्या.

त्यांची लेक वैदेही बापाच्या वळणावर गेलेली नाही असं आम्ही धरून चाललो होतो. चित्रं काढायची, घर डोक्यावर घ्यायची. बारावीनंतर डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी तिला लातूरला ठेवलं. आमच्याकडे हे वेगळं ठरवावं लागत नाही. हुशार मूल दिसलं की त्याची गादी आपोआप लातूरच्या वाटेला लागते. एकदा जागा हुकली. पुन्हा लातूर, पुन्हा हुकली. यंदा तिसऱ्यांदा. लावलं होतं ना, मग होऊ द्यायचं. अक्का रोज फोनवर विचारायच्या, कसं चाललंय, आणि लेक म्हणायची, "चालू आहे." तिचा आवाज बारीक होत गेलेला आम्हाला ऐकू येत होता. साडूंना येत नव्हता, किंवा येतही असेल. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही.

एका रविवारी ती घरी आली होती आणि आम्हीही त्यांच्याकडे जेवायला होतो. साडूंचा फोन वाजला. हात खरकटा म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला. किनवटकडच्या एका मुलींच्या निवासी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासलेली यादी वरच्या कार्यालयात गेली नाही तर नव्या मुलींचा वसतिगृहातला प्रवेश लटकणार होता. बाईंनी चुकून गेल्या वर्षीची यादी तपासणीला लावली होती. लावताक्षणी चूक कळली होती, आणि तेव्हापासून त्या 'कृपया थांबा'कडे बघत बसल्या होत्या. साडूंनी घास गिळून नेहमीचं उत्तर दिलं.

"होऊ द्या म्हणता सर, होऊ देते." बाईंचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "पण चुकलंय हे मला कळून राहिलंय. चुकलेलंच पुरं करून त्याचं करू काय मी?"

वैदेहीने हातातला घास पानात ठेवला. साडू तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बाईंना मशीन सरळ बंद करून नवी यादी लावायला सांगितलं, फोन ठेवला आणि हात धुवायला उठले. पानात वांग्याची भाजी तशीच होती. त्यांच्या पानात काही उरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

बाईंची यादी सकाळी वेळेत गेली. वैदेही थोडा ताप आहे म्हणून घरीच राहिली. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर साडूंनी लॅपटॉप लेकीपुढे सरकवलेला. पडद्यावर आता कुठल्या वर्गातलं कुठलं नाव तपासलं जातंय ते दिसत होतं, किती झालं याची पट्टी सरकत होती, आणि कोपऱ्यात एक फिकट, संकोचलेलं बटण होतं : 'थांबवा'.

"दाबून बघ," साडू म्हणाले.

तिने दाबलं. पट्टी अर्ध्यात थांबली. खाली ओळ आली : 'तपासणी थांबवली आहे. इथवर झालेलं जपून ठेवलं आहे.' ती ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "बाबा, मलाबी थांबायचंय."

अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. साडूंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मला वाटलं, आता 'होऊ द्या' येणार.

"कुठवर आलं होतं," ते म्हणाले, "ते सांग मला आधी."

आणि ती सांगू लागली. मी आणि बायको चहाचे कप तसेच ठेवून हळूच बाहेर पडलो.

किनवटच्या बाईंना बटण आवडलं, फक्त जरा मोठं करा म्हणाल्या. साडूंनी अजून केलेलं नाही. तेवढं त्यांचं मन होत नाही. वैदेही पुढे काय करणार, हेही ठरलेलं नाही. नातेवाईक विचारतात, तेव्हा साडू "बघून राहिलोय" म्हणतात आणि विषय संपतो.

गेल्या आठवड्यात बापलेक लातूरहून तिचं सामान आणायला गेले. पुस्तकं रद्दीत घाला असं ती म्हणत होती. साडूंनी एकूण एक खोकं टेम्पोत चढवून घेतलं. आम्ही अक्कांकडे वाट बघत बसलो होतो. शेवटी मी फोन लावला आणि मिळणारं उत्तर मनातल्या मनात म्हणूनही टाकलं.

"लोह्याच्या अलीकडं आहोत भाऊ," साडू दबक्या आवाजात म्हणाले. "रस्ता खणून ठेवलाय, तासभर लागंल. पोरगी झोपलीय." मग म्हणाले, "अहमदपूरपास्नं झोपलीय. लई दिवसांनी झोपली वाटतं."

मी ते अक्कांना जसंच्या तसं सांगितलं. त्या उठून कणीक भिजवायला गेल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात पोळ्या कधी टाकायच्या हे त्यांना पहिल्यांदाच वेळेवर कळलं होतं.