बिनधुराची ऊब

पहिलं बाळंतपण माहेरी करतात, कारण तिथे बाळंतिणीला आराम मिळतो म्हणे. हे जिने ठरवलं, तिच्या माहेरी निवृत्त विज्ञान शिक्षक नसावा. माझ्या आहे. आमच्या एव्हरशाईन वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये मला एकच त्रास होता, समोरच्या बिल्डिंगचं ड्रिलिंग. त्याला कंटाळून मी लेकीला घेऊन नंदाखालला आईबाबांकडे आले. आगीतून फुफाट्यात, ही म्हण मी तोवर फक्त शाळेच्या पेपरात वापरली होती.

बाबांना शाळेतून निरोप मिळाला तेव्हा शिकवायला पोरं उरली नाहीत. मग त्यांनी चूल शिकवायला घेतली. आमच्या वाडीत नारळाच्या झावळ्या, सोडणं, करवंट्या आणि छाटलेल्या फांद्या यांचा कायम ढीग असतो. अंघोळीचं पाणी मागच्या पडवीत चुलीवरच तापतं, गीझर आहे तो पाहुण्यांना दाखवायला. ती जुनी तीन दगडांची चूल बाबांनी मोडली आणि नवी बांधली.

या चुलीची ओळख मी थोडक्यात करून देते, कारण बाबा थोडक्यात करून देत नाहीत. तळाशी लोखंडी जाळी, तिच्याखालून हवा शिरायला भोक. वर तांब्याचा हंडा असा घट्ट बसतो की ज्योत बाजूने पळून जाऊ शकत नाही. मागून धुरांडं थेट पत्र्याच्या वर. लाकूड अंगठ्याएवढं बारीक फोडायचं, एका वेळी थोडंच घालायचं, चुलीचं तोंड कोंबून भरायचं नाही. घालण्याआधी दोन लाकडं एकमेकांवर आपटायची. टणटण वाजली तर सुकी, भद्द आवाज आला तर परत ढिगावर. ‘ओलं लाकूड अर्धी आग स्वतःचंच पाणी उकळण्यात घालवतं,’ हे वाक्य मी गरोदरपणात फोनवर इतक्यांदा ऐकलं की लेक जन्मल्यावर आधी तेच म्हणेल असं वाटायचं. पदर खोचल्याशिवाय चुलीजवळ जायचं नाही. वाळूची बादली हाताशी हवी. रॉकेलची बाटली घेऊन कुणी पडवीत आलं तर त्याला वाडीबाहेर काढायचं. रविवारी धुरांड्यातून काथ्याचा बोळा दोरीने वरखाली ओढून काजळी काढायची, आणि तेव्हा घरातल्या सगळ्यांनी कौतुकाने बघत उभं राहायचं.

चूल खरोखरच उत्तम चालायची, हे नाइलाजाने कबूल करते. लाकूड निम्मं लागायचं आणि पडवीत धूर औषधालाही नसायचा. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला अंगणात नेऊन धुरांड्याच्या टोकाकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, ‘दिसतंय काही? नाही ना? तेच तर!’ काही दिसत नाही ते बघायला माणसं जमवणारा माझ्या माहितीत हा एकच माणूस. आईचं मत मात्र ठाम होतं. ‘पानी तेवढंच गरम होतं,’ ती म्हणायची.

आई मिठागराकाठच्या गावातली. बाबांनी लग्नापासून तिचा ‘न’ सुधारायचा प्रयत्न केला, आणि नारळाला आंबे लागावेत इतपत यश मिळवलं. आईचा चुलीशी वाद नव्हता. तिचं वैर वाऱ्याशी होतं. बाळंतिणीला आणि बाळाला वारा लागता कामा नये, या एका वाक्यावर तिचं सगळं शास्त्र उभं होतं. ऐन आषाढात, अंगावर घामाची धार लागलेली असताना, माझ्या डोक्याला फडकं, कानात कापूस, पायात मोजे. पंखा बंद. माझं तोंड तेवढं उघडं ठेवलं होतं, तेही लाडू भरवायला.

माझी खोली म्हणजे घराचा नवा भाग. वर स्लॅब, खाली लादी आणि सरकत्या काचेच्या खिडक्या. त्यांच्या कडांना बाबांनी स्वतः रबराच्या पट्ट्या लावल्या होत्या, डास आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. डास येत नव्हते, पाणी येत नव्हतं. बाबा जे करतात ते पक्कंच करतात.

आता प्रश्न आला शेकाचा. न्हाऊन आल्यावर बाळंतिणीने बाजेवर पडायचं आणि बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवायचं, ही आईची पद्धत. त्यावर ओवा, शेपा आणि लसणीची सालं टाकून धुरी द्यायची. बाबांनी धुरीला कडाडून विरोध केला. एवढ्याशा पोरीच्या फुप्फुसात धूर? विज्ञानाच्या घरात? आईने दोन दिवस अबोला धरला. शेवटी बाबांनीच तोड काढली. धुरी रद्द, शेक चालू. त्यांच्या चुलीतले, करवंटीचे, पूर्ण पेटून लाल झालेले निखारे घ्यायचे. धूर शून्य. आई म्हणाली, मग खिरक्या लावून घ्यायला काय हरकत? बाबा म्हणाले, काहीच नाही, धूरच नाही तर उघडायच्या कशाला? आणि माझ्या उशाशी परंपरा आणि विज्ञान यांनी हातमिळवणी केली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. दोघांच्या समेटात तिसऱ्याचं काय होतं, याबद्दल आपल्याकडे म्हण नाही.

मला एक खिडकी उघडी हवी होती. सगळी नको, चार बोटं. त्या खोलीत त्या घमेल्याबरोबर पडलं की थोड्या वेळात माझं डोकं ठणकायला लागायचं, मळमळायचं, आणि बाहेर मोरीकडे गेलं की उतरायचं. हे मी आईला सांगितलं. तिने निष्कर्ष काढला की मोरीतल्या गरम पाण्याने डोकं उतरतं, तेव्हा अंघोळीला आणखी एक हंडा. बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘धूर होतोय का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग झालं तर.’ नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तो अंधेरीच्या एसीत बसून म्हणाला, ‘अगं, मोठ्यांना जास्त कळतं.’ उंटावरून शेळ्या हाकायला नेटवर्क चांगलं लागतं, तेवढं त्याच्याकडे होतं. मी रात्री गुपचूप काच सरकवायची आणि सकाळी आई ती लावायची. ‘बाय, वारा लागंल. आमच्यात सगल्या बायकांनी असाच शेक घेतला,’ ती म्हणायची.

लेक मात्र गुणी. शेक सुरू झाला की पाच मिनिटांत गाढ झोपायची. बघायला येणाऱ्या बायका कौतुक करून थकत नव्हत्या. ‘किती शांत गं पोर! आमचीने नुसता उच्छाद मांडला होता.’ आई अभिमानाने घमेल्याकडे बघायची, बाबा धुरांड्याकडे. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? झोप सगळ्यांनाच हवी होती.

त्या सकाळी बाहेर वादळी वारा होता. केळी आडव्या होत होत्या. आईने नेहमीपेक्षा मोठं घमेलं आणलं, खिडकीची खिट्टी आतून घट्ट ओढली आणि जाताना दाराच्या फटीत जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. ‘आता काय बिशाद वाऱ्याची,’ म्हणाली आणि पडवीत चुलीपाशी गेली. मी बाजेवर पडले. डोकं ठणकायला लागलं, मग ठणकायचंही थांबलं. छान जड जड वाटायला लागलं.

मला जाग आली ती छातीमुळे. दूध भरून आलं होतं, पोलकं भिजलं होतं, छाती दगड झाली होती. म्हणजे लेकीची पाजायची वेळ केव्हाच टळून गेली होती, आणि ती रडली नव्हती. मी तिच्या लालबुंद गालाला बोट लावलं. तिने तोंड वळवलं नाही. तळपायाला टिचकी मारली. पाय हलला नाही. मी तिला उचललं तर मान अशी लटकली, ओल्या कपड्यासारखी.

उभं राहायला गेले आणि गुडघे माझे नव्हतेच. खिडकीची खिट्टी ओढली, ती बाबांनी बसवलेली, म्हणजे पक्की. बोटांत जोरच नव्हता. मग मी लादीवर बसले आणि एका हाताने लेकीला छातीशी धरून दारापर्यंत सरपटत गेले. तो लुगड्याचा बोळा उपसताना मी आईला, बाबांना, मोठ्यांना जास्त कळतं म्हणणाऱ्याला, सगळ्यांना मनात शिव्या दिल्या. आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. दार उघडलं, पडवी ओलांडली आणि मी अंगणात चिखलात बसले. फडकं उडून गेलं. पाऊस आडवा मारत होता.

‘बाय! डोकं उघडं! वारा! पोरीला वारा लागंल!’ आई चुलीवरून धावत आली आणि लेकीवर पदर टाकायला लागली. मी तिचा हात झटकला. इतक्या जोरात की तिची बांगडी वाढली. लेकीचं तोंड मी सरळ वाऱ्याकडे केलं. पावसाचे थेंब तिच्या कपाळावर पडले. काही नाही. मग तिने नाक मुरडलं. मग कपाळाला आठी आली, अगदी बाबांसारखी. आणि मग ती रडली. बारीक, चिरका, बेसूर आवाज. मीही रडले, त्याच सुरात.

रिक्षा करून आम्ही दवाखान्यात पोचलो. मायलेकी दोघींना प्राणवायू लावला. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, ‘खोलीत काय पेटवलं होतं?’

‘काही नाही,’ बाबा म्हणाले. ‘नुसते निखारे. धूर शून्य.’

बाईंनी बाबांकडे बघितलं. मग शांतपणे सांगितलं की धूर असता तर बरं झालं असतं. खोकला आला असता, डोळे चुरचुरले असते, कुणीतरी खिडकी उघडली असती. चांगल्या फुललेल्या निखाऱ्यांतूनही वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. बंद खोलीत तो साठतो. माणूस पेंगतं आणि झोपतं. तान्हं बाळ तर रडतही नाही, शांत झोपल्यासारखंच दिसतं.

‘कार्बन मोनॉक्साइड,’ बाबा पुटपुटले. हा धडा त्यांनी उभी हयात शिकवला होता. फळ्यावर त्याचं सूत्र लिहून त्याखाली दोन रेघा मारायचे, महत्त्वाचं म्हणून. पेपरात हमखास विचारायचे. मला त्यात मार्क पूर्ण होते.

दोन दिवसांनी आम्ही घरी आलो. बाबांनी सावरायला फार वेळ घेतला नाही. घमेलं त्यांनी कोंबड्यांना पाणी प्यायला दिलं, खिडक्यांच्या रबरी पट्ट्या स्वतःच्या हाताने सोलून काढल्या आणि बघायला येणाऱ्यांना अंगणात उभं करून नवं व्याख्यान सुरू केलं. चूल उघड्यावर किंवा धुरांड्याखाली, निखारे कधीही खोलीत नाहीत, मग ते कितीही लाल असोत. माणसं तीच, अंगण तेच, आणि बाबांचा आवाजही आधीइतकाच खणखणीत. खोलीत कोण पडलं होतं आणि निखारे कुणाच्या चुलीतले होते, हा भाग ते वेळेअभावी गाळायचे.

आई मात्र बोलत नव्हती. दवाखान्यातून आल्यापासून ती माझ्या खोलीत दाराशी यायची, खिडकी उघडी आहे ना बघायची आणि परत जायची. मला वाटलं, मी हात झटकला त्याचा राग असेल. चार टोमणे तयार ठेवले होते मीही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी लेकीला घेऊन पडवीत गेले. चूल विझली होती. आई तिच्यासमोर पाटावर बसली होती, हातातल्या चिमट्याने थंड राख उगाच सारखी करत.

‘बाय,’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘ती डाक्टरीण म्हनली ना, त्या गॅसनं पोर रडत नाय. नुसतं झोपतं.’

‘हो.’

‘गाल लाल होतात?’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. बारशाच्या आधीच गेला, झोपेत, शेकाच्या बाजेवर तिच्या कुशीत, असाच पावसात. त्याच्याबद्दल आमच्या घरात एकच वाक्य होतं, की त्याला वारा लागला. ते तिला तिच्या सासूने सांगितलं, सुईणीने सांगितलं, गावाने सांगितलं. पुढे माझ्या वेळी, आणि आता माझ्या लेकीच्या वेळी, आईने घरातली एकेक फट शोधून बुजवली होती.

‘त्याला वारा नव्हता लागला काय गं?’ तिने विचारलं.

इतके दिवस या घरात वाऱ्याची बाजू घेऊन भांडणारी मी एकटीच होते. मी तिच्या शेजारी खाली बसले.

‘वाराच लागला होता, आई,’ मी म्हणाले. ‘तेव्हा वारा खूप असेल.’

‘होता,’ आई म्हणाली. ‘पन खिरकी तर मीच लावली होती.’