तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली रायफल

टोकियोजवळच्या उरायासुतल्या आमच्या घरात, भिंतीतल्या कपाटात एक लोखंडी लॉकर आहे. उंच, अरुंद, दोन कुलुपांचा. हल्ली त्यात मी व्हॅक्यूम क्लीनरची नळी ठेवतो. आणला होता तो माझ्या लेकीच्या रायफलसाठी, आणि ती रायफल या घरात कधी आलीच नाही. का आली नाही ते मला ठाऊक आहे आणि तिला.

लेक इथेच वाढली. मी मराठीत बोलायचं, तिनं जपानीत उत्तर द्यायचं, असं आमचं चालायचं. तिची आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. शेतकीची पदवी हातात यायच्या आधीच तिनं जाहीर केलं की ती डोंगरातल्या एका गावात नोकरी घेणार. काम काय, तर शेतं फस्त करणाऱ्या रानडुकरांचा बंदोबस्त! फास लावायचं लायसन्स काढून मोकळीही झाली होती.

"आणि बाबा, मला एअर रायफल लागेल."

"फास आहे ना? मग रायफल कशाला?"

"फासात फक्त पाय अडकतो रे. पुढचं माणसानंच करायचं असतं. रायफल असली की लांबून एका गोळीत संपतं. नसली तर सोटा नाहीतर सुरी घेऊन जवळ जायचं. आणि तार तुटली तर डुक्कर सरळ अंगावर येतं."

हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही.

पण तेव्हा मी खूश झालो. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये बोल्ट-अॅक्शन रायफलीवर नेम धरायला शिकलो होतो, ती एक गोष्ट लेकीला माझ्याकडून हवी होती. इथे काडतुसाची खरी रायफल नवख्याला मिळत नाही, त्याआधी दहा वर्षं छऱ्याच्या काडतुसांची शॉटगन सांभाळावी लागते. म्हणून दाबलेल्या हवेवर चालणारी, पण बोल्टवाली घ्यायची असं ठरलं. बोल्ट मागे ओढा, पुढे ढकला, एक गोळी. नवख्या हाताला घाई करू देत नाही, हा तिचा मोठा गुण. ऑफिसात बग सोडवायचे सोडून मी एक्सेलमध्ये वजन, लांबी, हवेची टाकी असले रकाने भरत बसायचो. दोन महिने प्रत्येक शनिवार आम्ही त्यातच घालवला. आई गेल्यापासून ती माझ्याशी इतकं कधी बोलली नव्हती.

रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीवरून भांडलो. मला चोवीस पट मोठं दाखवणारी हवी होती.

"अरे बाबा, डुक्कर दहा पावलांवर असणार. चोवीस पटीत मला त्याचा एक केस दिसेल, तोही पुसट!"

दुकानदारानं तिचीच बाजू घेतली. पन्नाशीतला, हळू बोलणारा माणूस. म्हणाला, चार पट पुरे, फक्त जवळचं स्पष्ट दिसलं पाहिजे. आणि दुर्बिणीवर उधळण्यापेक्षा ती बसवायच्या पकडी चांगल्या घ्या, त्या हलल्या की सगळंच फुकट. रायफल त्यानं जुनी काढली, लाकडी दस्त्याची, आतले हवेचे वायसर नवे घातलेली. लेकीनं खांद्याला लावली. दस्ता जरा लांब पडत होता.

"राहू दे," मी म्हणालो. "वाढत्या अंगाचं असावं."

"बाबा! मी बावीस वर्षांची आहे!" ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानदारानं दस्ता कापून द्यायचं कबूल केलं.

इथे परवाना माणसाला मिळत नाही, त्या एका बंदुकीपुरता मिळतो. म्हणून बंदूक आधी ठरवायची, दुकानदार ती बाजूला ठेवणार, मग पोलिसांत अर्ज. त्यानं रायफलला तिच्या नावाची चिठ्ठी बांधली. दुर्बिणीला परवाना लागत नाही, ती आम्ही त्याच दिवशी घरी आणली.

परवान्याआधी पोलीस घरी येतात. लॉकर भिंतीला नीट ठोकलाय का पाहतात आणि घरच्यांशी एकांतात बोलतात. आमच्याकडे तरुण अंमलदार आला. लेक बाहेर गेली. मी चहा ठेवला, त्यानं कपाला हातही लावला नाही. वही उघडून विचारलं, "मुलीचा स्वभाव कसा आहे?"

आता आपल्याकडे परक्यासमोर स्वतःच्या पोरीचं कौतुक कोण करतं? नजर लागते. उलट जरा नावंच ठेवायची, समोरच्यानं "छे हो, गुणी आहे" म्हणायचं, ही आपली रीत. मी सुरू झालो. हट्टी आहे हो. नाकावर राग. रात्र रात्र जागते. आई गेल्यापासून तर कुणाचं ऐकत नाही. तो "छे हो" म्हणाला नाही. तो लिहीत होता.

आणि खरं सांगू? रीतबीत सगळं पहिल्या दोन वाक्यांपुरतं. तो लिहितोय हे मला दिसत होतं. रायफल आली की ही जाणार, हेही दिसत होतं. शेवटी त्यानं विचारलं, "वडील म्हणून तुमची संमती आहे ना?" मी म्हणालो, "एखादं वर्ष थांबली तर बरं होईल."

लाज वाटते लिहायला. मुद्दाम बोललो मी ते.

दोन आठवड्यांनी पोलीस ठाण्यातून तिला फोन आला. घरच्यांनाच काळजी वाटते आहे, तेव्हा अर्ज आपण होऊन मागे घ्या, असं नम्रपणे सांगितलं. फोन ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "अगं, मी आपलं सहज—" तिनं हात वर केला. "दाइजोबू," म्हणाली. ठीक आहे. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुकानदारानं चिठ्ठी सोडली, रायफल दुसऱ्या कुणाला गेली. लेक महिन्याभरानं गेली, फासांचं लायसन्स तेवढं घेऊन. दुर्बीण टेबलावर ठेवून गेली. म्हणजे मी थांबवलं कुणाला? फक्त रायफलला.

त्या हिवाळ्यात तार तुटली.

फोन तिचा नव्हता, गावातल्या म्हाताऱ्या शिकारी बाईंचा होता. मी इस्पितळात पोहोचलो तेव्हा लेकीच्या मांडीला टाके पडले होते, मांडीपासून खाली सगळं बँडेज. डॉक्टर म्हणाले, पाय वाचलाय, पण थोडं लंगडणं राहील. शेजारच्या स्टुलावर पिशवीत तिचा सोटा होता, मधोमध मोडलेला. मी तिच्या पायाशी बसून रडलो, पोरासारखा. सगळं बोलून टाकलं, मुद्दाम बोललो होतो तेही.

"माहितीय, बाबा," ती म्हणाली. किती वर्षांनी सरळ मराठीत. "मला तेव्हाच कळलं होतं." मग तिनं मला सफरचंद कापायला सांगितलं, नर्स येईपर्यंत आम्ही सफरचंदच खात होतो.

या वर्षी तिनं त्या गावातूनच पुन्हा अर्ज केला. मला बाईंकडून कळलं. मी तयारीला लागलो. जपानीत वाक्यं लिहून काढली, ट्रेनमध्ये पाठ केली: माझी मुलगी शांत आहे. जबाबदार आहे. दिलेला शब्द पाळते. मला तिचा अभिमान आहे, माझी पूर्ण संमती आहे. पोलिसांचा फोन वाजेल म्हणून मीटिंगमध्येसुद्धा मोबाइल उलटा ठेवला नाही.

गेल्या आठवड्यात तिनं फोटो पाठवला. खांद्याला रायफल, दस्ता अगदी मापाचा, वर नवी दुर्बीण. मी लिहिलं, अगं, परवाना मिळाला? मला तर कुणीच काही विचारलं नाही!

तिचं उत्तर लगेच आलं. "एकत्र राहणाऱ्यांनाच विचारतात, बाबा. मी त्यांना सांगितलं, घरात मी एकटीच असते."