पिस्कॅटवेला गेलेला खलबत्ता

२००५च्या जूनमध्ये भाचीकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेला निघाले, तेव्हा बॅगेत भाजणी, मेतकूट आणि पितळी खलबत्ता होता. “मावशी, एवढं वजन!” मृणाल विमानतळावरच ओरडली. कुटलेल्या आल्याशिवाय मला चहा जात नाही, असं मी तिला ठणकावलं.

ती तिथल्या विद्यापीठात इन्स्टंट कॉफी वाळवण्यावर संशोधन करत होती. कुरडया वाळवण्यात आमची हयात गेली, पण पदवी कुणी देऊ केली नाही. बाहेर लख्ख ऊन, हिरवळच हिरवळ, आणि एकाही अंगणात कपडे वाळत घातलेले नाहीत. वाळवणाचं शिक्षण घ्यायला हिला हाच देश सापडला!

तिसऱ्या दिवशी ओट्यावर कॉफीच्या दोन बाटल्या दिसल्या. एकीत पिठासारखी पूड, दुसरीत नुसते खडे. पावसाळ्यात सांगलीला आमच्याही कॉफीचं असंच होतं. पोरीला झाकण धड लावता येत नाही, असं पुटपुटत मी खडे कुटले, चाळले आणि बाटली पुसून जागेवर ठेवली.

संध्याकाळी मृणालने ती बाटली उजेडात धरून बघितली. “मावशी, ती फ्रीझ ड्राय केलेली होती गं! गोठवून वाळवतात, म्हणून खडेच असतात. शेजारची पूड आहे ती गरम हवेत फवारलेली. उद्या सरांना डेमो द्यायचाय, नवीन बॅचला दोन दिवस लागतात!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी गुन्हा कबूल करायला मीच तिच्याबरोबर गेले. सर हाफपँटीत होते. माझं मोडकंतोडकं इंग्रजी त्यांनी शांतपणे ऐकलं. लॅबमध्ये चमचाभर खडे उरले होते, ते गरम पाण्यात टाकताच विरघळले. माझी पूड मात्र वर तरंगत राहिली आणि बघता बघता तिच्या गुठळ्या झाल्या.

“खड्यांना छिद्रं असतात, त्यांतून पाणी आत शिरतं,” मृणाल हळूच म्हणाली. “तू ती मोडलीस.”

सर मात्र खूश. वाळवण तेच, फक्त आकार बदलला, तर काय होतं ते आयतंच दिसलं, म्हणाले. त्यांनी माझ्या पुडीची तिसरी बाटली मांडायला लावली. मृणालने तिच्यावर ‘मावशी’ अशी चिठ्ठी डकवली, तेव्हा मला रडूच आलं.

भाचीला चार गोष्टी शिकवायला गेले होते, शिकून मीच आले. परतताना बॅग हलकी होती. घरी आमच्या ह्यांनी मृणालने दिलेली कॉफी उघडली.

“हिचे खडे झालेत. खलबत्ता कुठाय?”

“पिस्कॅटवेला,” मी म्हटलं. “लॅबमध्ये नोकरीला लागला.”